जुन्या फरशीवर नवी फरशी : वाद कुठवर आला आहे

कापूस विकून झालेला असतो, लग्नसराई तोंडावर आलेली असते आणि पावसाला अजून दोन-तीन महिने असतात. यवतमाळ जिल्ह्यात घराची कामे निघतात ती याच दिवसांत. रंगाचे ठरते, ओट्याचे ठरते आणि त्या ओघात ‘फरशीही बदलून टाकू’ हा विषय निघतो. मग पहिला पेच येतो : जुनी फरशी फोडायची, की तिच्यावरच नवी बसवायची? पूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे. फरशी बदलायची म्हणजे फोडायची, एवढेच ठाऊक होते. आता पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड कुठेही जा, टाइल्सच्या दुकानात एक सल्ला मिळतो आणि घरी आलेला मिस्त्री दुसरा देतो. दोघेही खोटे बोलत नसतात. दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी घरे असतात.

या वादात कोण काय म्हणते, कशाच्या आधारावर म्हणते आणि कोणत्या प्रश्नांना अजून उत्तर नाही, हे इथे मांडायचे आहे.

जुनी फरशी म्हणजे नेमकी कोणती

‘जुनी फरशी’ या दोन शब्दांत निदान पाच वेगळ्या वस्तू येतात आणि वादातला अर्धा गोंधळ तिथून सुरू होतो.

सर्वांत खाली सारवलेली जमीन. तिच्यावर पुढे सिमेंटचा कोबा आला. खेड्यांतल्या कित्येक घरकुलांत आजही कोबाच आहे आणि तिथे टाइल्स बसतात त्या त्याच्यावरच. बरी परिस्थिती असलेल्या घरांत शहाबादी आली. ही कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद भागाची, चुनखडीच्या जातीची, थरांनी बनलेली फरशी. काळा कडप्पा आंध्रातून आला आणि मुख्यतः ओट्यावर राहिला. कोटा राजस्थानातून आला. मग मोझॅक, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘चिप्सच्या टाइल्स’ : सिमेंटमध्ये संगमरवराची बारीक खडी घालून दाबलेल्या, बसवल्यावर मशीनने घासून पॉलिश केलेल्या. सिमेंटच्या टाइल्सचा धंदा आपल्याकडे स्वदेशीच्या लाटेत वाढला. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही सिधवा कुटुंबाची कंपनी १९२२ सालची. मोझॅकने पुढे कित्येक दशके शाळा, सरकारी क्वार्टर्स आणि मध्यमवर्गीय घरे व्यापली. त्यानंतर सिरॅमिक आले, ज्याला एका कंपनीच्या नावावरून लोक सरसकट ‘स्पार्टेक’ म्हणत. आणि शेवटी गुजरातच्या मोरबीहून ट्रकच्या ट्रक भरून येणारी व्हिट्रिफाइड.

यातली प्रत्येक वस्तू वरच्या थराशी वेगळी वागते. मोझॅक आणि कोबा सच्छिद्र असतात, त्यांना सिमेंट धरते. शहाबादीला पापुद्रे सुटतात. वरचा पापुद्राच सैल असेल तर त्यावर चिकटवलेले त्याच्यासकट निघते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार या गटातल्या टाइलचे जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असावे लागते. साधे सिमेंट पकडते ते छिद्रांत शिरून, तिथे त्याचे स्फटिक वाढून. छिद्रेच नसतील तर पकड कुठून येणार? म्हणजे जी फरशी सर्वांत चकचकीत आणि मजबूत, तिच्यावर नवी बसवणे जुन्या पद्धतीने सर्वांत अवघड. घरमालकाला हे नेहमी उलटे वाटते.

फोडा म्हणणारे

अनुभवी मिस्त्र्यांपैकी बऱ्याच जणांचे मत अजूनही फोडण्याच्या बाजूने आहे. याला केवळ सवय म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की, फोडल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. भराव खचला आहे का, कुठून ओल येते, उधईने वाट केली आहे का, मोरीचा पाइप कुठे झिरपतो, हे फरशी उचलल्यावरच दिसते. दुसरा मुद्दा लेव्हलचा. जुनी फरशी एका कोपऱ्यात खाली गेलेली असते आणि वरून पातळ थर देऊन ती सरळ होत नाही. रेती-सिमेंटच्या दीड-दोन इंचाच्या मालावर, सिमेंटचा घोळ ओतून, रबरी हातोडीने ठोकत टाइल बसवली की हवी ती लेव्हल मिळते. हा माल, हे हत्यार आणि ही कला त्यांच्या हातातली आहे. शिवाय सिमेंट आता जिल्ह्यातच, झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला बनते.

तिसरा मुद्दा उंचीचा. खोलीची फरशी वर आली की दार घासते, चौकटीपाशी पायरी होते, एका खोलीत नवी आणि दुसरीत जुनी असेल तर मध्ये ठेच लागते. जिन्याचा त्रास याहून लपलेला. खालच्या मजल्याची फरशी वर आली की जिन्याची पहिली पायरी तेवढी बुटकी होते, वरच्या मजल्याची वर आली की शेवटची पायरी तेवढी उंच. पंधरा मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पाय अंदाजाने पडतो आणि घरातले म्हातारे माणूस तिथेच अडखळते.

या बाजूची अडचणही मोठी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत मोझॅक आणि तिच्याखालचा माल मिळून साठ मिलिमीटर जाडी धरली, तर सव्वा ते दीड टन मलबा निघतो. तो गोण्यांत भरून ट्रॅक्टरने कुठे टाकायचा, याचे सोयीचे उत्तर तालुक्याच्या गावात नसते. पुष्कळदा तो नाल्याच्या काठी किंवा रिकाम्या प्लॉटवर जातो. फोडताना उडणाऱ्या धुळीत बारीक सिलिका असते. ती फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. फोडणारा मजूर बहुधा तोंडाला रुमाल बांधून काम करतो आणि तो रुमाल या बारीक धुळीला अडवत नाही. फोडण्याचे धक्के शेजारच्या भिंतीला आणि खालच्या स्लॅबलाही बसतात. जुना स्लॅब असेल तर त्याचे प्लास्टर सुटते.

त्यात भर पाण्याची आणि रेतीची. दीड-दोन इंचाचा माल पाणी पितो आणि पुढे काही दिवस त्याला पाणी मारावे लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली तेव्हा यवतमाळ शहरात प्यायच्या पाण्याचे हाल झाले होते. अशा वर्षी फरशीला पाणी मारणे हा विषयच निघत नाही. रेतीचेही तसेच. पैनगंगा आणि वर्धा नद्यांच्या घाटांचे लिलाव होईपर्यंत बांधकामे खोळंबतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले ते या टंचाईमुळेच.

चिकटवा म्हणणारे

दुसरी बाजू रसायनशास्त्राच्या जोरावर उभी आहे. अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग यांनी १९५६ मध्ये सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळून पातळ थराने टाइल बसवण्याचे मिश्रण बाजारात आणले. लॅटिक्रीट ही कंपनी त्यातून उभी राहिली. आज दुकानात वीस किलोच्या गोणीत मिळणारी पूड, जिला मिस्त्री नुसते ‘केमिकल’ म्हणतात, त्याच घराण्यातली : सिमेंट, ठरावीक मापाची बारीक वाळू आणि पॉलिमर. पॉलिमर सुकताना त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो आणि तो गुळगुळीत पृष्ठभागालाही धरून ठेवतो. सिमेंटला जे छिद्रांशिवाय जमत नव्हते ते इथे जमते.

भारतीय मानक आयएस १५४७७ पहिल्यांदा २००४ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. त्यात चिकट मालाचे प्रकार क्रमांकाने पाडले आहेत. जुन्या टाइलवर टाइल बसवायची तर कंपन्या वरच्या प्रकारांकडे, साधारण तिसऱ्या किंवा त्यापुढच्या क्रमांकाकडे बोट दाखवतात. युरोपीय मानकात याच कामासाठी सी-२ वर्ग लागतो, ज्याची ओढून पाहण्याची किमान ताकद चौरस मिलिमीटरला एक न्यूटन, म्हणजे सी-१ च्या दुप्पट. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने यातला कामाचा भाग एवढाच : गोणीवर हा क्रमांक असतो, तो वाचावा. पहिल्या प्रकारची स्वस्त गोणी आणून व्हिट्रिफाइडवर व्हिट्रिफाइड बसवली आणि ती निघाली, तर तो या पद्धतीचा पराभव धरता येत नाही.

या बाजूचे व्यवहारी फायदे उघड आहेत. मलबा नाही, धूळ कमी, पाणी फार कमी, खोली लवकर वापरात. वीस किलोच्या गोणीत चार मिलिमीटरच्या थराने साधारण ३५ ते ४५ चौरस फूट होतात. वाढलेली उंची टाइल धरून तेरा-पंधरा मिलिमीटर. इटलीतल्या कारखान्यांनी तीन ते सहा मिलिमीटरच्या पातळ पोर्सेलीन लाद्या काढल्या, त्यांतही जुन्यावर नवी बसवण्याचा उपयोग डोळ्यांसमोर होताच.

मात्र सगळे जमून येते ते तयारी केली तर, आणि या बाजूचे प्रामाणिक तंत्रज्ञ हेच पहिल्यांदा सांगतात. आधी प्रत्येक टाइल नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहायची. पोकळ वाजली तर ती काढून जागा भरून घ्यायची. पृष्ठभाग ग्राइंडरने खरवडायचा. मोझॅकवरचे मेण आणि स्वयंपाकघरातला वर्षानुवर्षांचा तेलकटपणा काढायचा. माल दातेरी पट्टीने ओढायचा, पाचच ठिकाणी गोळे ठेवून वर टाइल दाबायची नाही. अमेरिकेच्या टाइल परिषदेचा दंडक असा आहे की, कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के भाग मालाला टेकलेला असावा, ओल्या जागी ९५ टक्के. आपल्याकडे पाच गोळ्यांची पद्धत अजून राजरोस चालते, आणि मधल्या पोकळीवर खुर्चीचा पाय जोरात आला की टाइल तडकते.

उन्हाळ्याचा मुद्दा दोन्ही बाजूंना छळतो, पण या बाजूला जास्त. यवतमाळचा पारा मेमध्ये ४४ अंशांच्या आसपास जातो. पसरलेल्या केमिकलवर अशा हवेत लवकर साय धरते आणि साय धरलेल्या मालावर ठेवलेली टाइल वरून बसल्यासारखी दिसते, खालून धरत नाही. प्रयोगशाळेत हा माल वीस मिनिटे उघडा ठेवून तपासतात, पण तिथली हवा मे महिन्यातल्या आपल्या दुपारची नसते. सकाळी लवकर काम सुरू करणे आणि एका वेळी थोडाच माल पसरणे, एवढाच त्यावर उपाय. घरकामाचा आपला हंगाम आणि या मालाचा नावडता हंगाम नेमका एकच पडतो.

वजनाचा हिशेब

‘स्लॅबवर वजन वाढेल’ ही भीती दोन्ही बाजूंच्या बोलण्यात येते, पण आकडे सहसा येत नाहीत. ते असे. नऊ मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल आणि चार मिलिमीटर माल मिळून चौरस मीटरला साधारण २७ किलो. दहा बाय बाराच्या खोलीला ३०० किलो. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरावा, असे आयएस ८७५ सांगते. त्याच्या शेजारी २७ हा आकडा लहान दिसतो, आणि चांगल्या आरसीसी स्लॅबला तो सहसा जड नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. स्लॅबचे संकल्पन करताना फरशीसाठी वेगळे १०० ते १५० किलो धरण्याची रूढी आहे. मोझॅक आणि तिच्याखालच्या मालाचे वजनच १२५ च्या पुढे जाते. नवी टाइल आली की तो सगळा वाटा संपतो. तेव्हा एक थर चालतो, दुसऱ्या थराला जागा उरत नाही. आणि जुन्या टाइलवर केमिकलऐवजी पुन्हा दीड इंच रेती-सिमेंट पसरून नवी बसवली, तर चौरस मीटरला शंभर किलोची भर पडते. खोलीला टनभर. स्लॅबच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट मार्ग आहे आणि तो निवडला जातो, कारण फोडण्याचा त्रासही वाचतो आणि केमिकलचा खर्चही. लाकडी कड्यांचे माडीचे जुने घर असेल किंवा स्लॅबच्या सळ्या गंजून खालून पोपडे सुटत असतील, तर २७ किलोही घालू नयेत, यावर अभियंत्यांत मतभेद दिसत नाहीत.

सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने हा प्रश्न नियमानेच मिटवला आहे. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून जाडी ५० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. आपल्या नगरपालिकांकडे अशा कामासाठी कोणी परवानगी मागायला जात नाही.

काळ्या मातीचा मुद्दा

आतापर्यंतची चर्चा कुठल्याही शहराला लागू पडेल. यवतमाळला लागू पडणारा मुद्दा जोत्याखाली आहे. केमिकलच्या गोणीवर त्याची माहिती नसते आणि मिस्त्रीच्या बोलण्यातही तो अर्धाच येतो.

जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्टपासून झालेल्या काळ्या कापसाच्या जमिनीवर आहे. या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट जातीचे खनिज पाणी प्याले की फुगते, वाळले की आक्रसते. शेतात वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या मिटतात. घराखालीही हेच घडते. भिंती पायावर उभ्या असतात. तळमजल्याची फरशी मात्र जोत्यात भरलेल्या भरावावर टेकलेली असते. चांगल्या कामात हा भराव मुरमाचा असतो, थराथराने पाणी मारून धुम्मस केलेला. काटकसरीच्या कामात पायाच्या खोदाईत निघालेली काळी मातीच परत आत लोटलेली असते.

मग भराव बसतो, फरशीखाली पोकळी होते, पावसाळ्यात बाहेरच्या बाजूने ओल शिरून कडेची फरशी वर उचलली जाते आणि मधली खाली राहते. अशा फरशीला तिरपी, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारी चीर पडते. तिच्यावर जगातले कितीही महाग केमिकल लावून टाइल बसवली, तरी चीर दोन-तीन पावसाळ्यांत वरच्या थरातून वर येते, कारण खालची हालचाल थांबलेली नसते. लवचीक केमिकल निघाली आहेत. युरोपीय कसोटीत एस-१ गटातला माल अडीच ते पाच मिलिमीटर वाकून टिकतो, एस-२ पाचच्याही पुढे. पण ती कसोटी मालाच्या पातळ पट्टीची असते. फुगणाऱ्या जमिनीच्या जोराचे मोजमाप तिच्यात नाही.

यावर आपल्याकडे मूलभूत काम झालेले आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात दाखवले की, काळ्या मातीवर सुमारे मीटरभर जाडीचा न फुगणारा, पण चिकणसर मुरमाचा थर दाबून भरला तर खालच्या मातीची फुगण्याची प्रवृत्ती आवरली जाते. कालव्यांच्या कामांत हे तंत्र पुढे वापरले गेले. घराचे जोते भरताना ते करता येते. फरशी बदलताना करायचे तर सगळेच उकरावे लागेल, आणि तेवढ्यासाठी घर कोणी उकरत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, या जिल्ह्यात तळमजला आणि वरचा मजला यांना एकच सल्ला देऊ नये. स्लॅबवरची पक्की, न वाजणारी मोझॅक असेल तर तिच्यावर टाइल चिकटवायला मला अडचण दिसत नाही. तळमजल्यावर चीर असेल तर ती किती जुनी आहे, पावसाळ्यात रुंदावते की उन्हाळ्यात, हे एक वर्ष पाहावे. घरात लग्न असलेल्याला हा सल्ला पटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

ओल, न्हाणीघर आणि सांधे

शहाबादीच्या सांध्यांतून जमिनीतली ओल हळूहळू वर येऊन उडून जात असे. पावसाळ्यात फरशी दमट लागायची, उन्हाळ्यात कोरडी. तिच्यावर व्हिट्रिफाइड आली की ती वाट बुजते. मग ओल भिंतीत चढते आणि लोणा धरून प्लास्टर फुगवते, असे काही जुने बांधकामवाले म्हणतात. दुसरे म्हणतात की ओल भिंतीत आधीपासूनच असते आणि नव्या फरशीमुळे फक्त तिच्याकडे लक्ष जाते. दोन्ही गोष्टी घडताना दिसतात. कोणत्या घरात कोणती घडेल हे जोत्याच्या ओलरोधक थरावर ठरते, आणि जुन्या घरांत तो बहुधा नसतोच. गावोगावच्या हेमाडपंती देवळांच्या दगडी तळावर भाविकांच्या देणगीतून बसणाऱ्या चकचकीत टाइल्सबद्दलही जतन करणाऱ्यांचा आक्षेप सौंदर्याइतकाच या ओलीचा असतो.

न्हाणीघरात वादाला फारशी जागा नाही. गळती असेल तर फोडावेच लागते, कारण वरची टाइल गळती बुजवत नाही, झाकते. गळती नसेल तरी उतार, जाळीची उंची आणि उंबऱ्याची उंची तिन्ही एकदम जमवावी लागतात.

सांध्यांकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. टाइलला टाइल खेटून बसवली की काम देखणे दिसते, म्हणून गिऱ्हाइकालाच फट नको असते. पण तीस फुटांच्या सलग हॉलमध्ये हिवाळ्यातली पहाट आणि मेमधली दुपार यांच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक धरला, तर फरशीच्या लांबीत जवळपास दीड मिलिमीटरचा फरक पडतो. भिंतीपाशी स्कर्टिंगखाली जागा सोडलेली नसेल तर ती लांबी जाणार कुठे? एखाद्या दिवशी मधल्या दोन ओळी आवाज करून तंबूसारख्या वर उठतात. सिंगापुरात जानेवारी २०१८ मधल्या थंडीत असे प्रकार अनेक घरांत झाले होते. जुन्यावर चिकटवलेल्या फरशीत हे अधिक होते की कमी, यावर एकमत नाही. पकड चांगली असेल तर कमी, आणि खालचा जुना थरच सुटत आलेला असेल तर दोन्ही थर एकदम उठतात.

जे अजून ठरलेले नाही

पहिला प्रश्न टिकाऊपणाचा. मोझॅकने चाळीस-चाळीस वर्षे काढलेली घरे यवतमाळ शहरातच दाखवता येतील. फरशीवर चिकटवलेल्या फरशीचे आपल्या हवेतले वय अजून तेवढे झालेले नाही. मानक मालाची कसोटी सांगते. एखाद्या घरातली जुनी फरशी वरचा थर पेलायला पुरेशी पक्की आहे का, हे मात्र अजून मिस्त्रीच्या कानावर सोपवलेले आहे. शंभरातल्या किती टाइल पोकळ वाजल्या की थांबायचे, यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो.

दुसरा प्रश्न हमीचा. कंपनी देते ती गोणीतल्या मालाची हमी, आणि तीही पृष्ठभाग सांगितल्याप्रमाणे तयार केला असेल तर. तो तसा केला होता की नाही, हे टाइल बसल्यावर सिद्ध करता येत नाही. तयारीचे काम वेगळे मोजून त्याची वेगळी मजुरी देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. दर ठरतो तो बसवलेल्या चौरस फुटाचा. त्यामुळे खरवडणे आणि पुसणे यांत गेलेला दिवस मिस्त्रीच्या खिशातून जातो आणि तोच दिवस आधी कापला जातो.

तिसरा प्रश्न पुढच्या वेळचा. मोझॅक फोडली की सिमेंट आणि खडी मिळते, ती भरावाला चालते. पॉलिमरने जखडलेली पोर्सेलीन आणि तिच्याखालची मोझॅक वीस-पंचवीस वर्षांनी एकत्रच निघेल. ती वेगळी करायला मेहनत जास्त लागेल आणि मलबाही जास्त होईल. बांधकाम मलब्याच्या २०१६ च्या नियमांत वर्गीकरणाची आणि आराखड्याची सक्ती दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टन मलबा करणाऱ्यांवर होती. २०२५ च्या नव्या नियमांतली उत्पादकाची विस्तारित जबाबदारी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांपासून सुरू होते. एका खोलीचा दीड टन या दोन्ही आकड्यांच्या फार खाली राहतो. नेर, राळेगाव, आर्णीसारख्या गावांत एका उन्हाळ्यात अशा कित्येक खोल्यांची कामे निघतात. त्यांचा मलबा एकत्र करून कुठे न्यायचा, हे अजून ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीवर आहे.